आधी तिथी, मग तिकीट



भाऊबीज महिन्यावर आली की घरोघरी एक विषय हमखास निघतो. लेकी माहेरी येणार, मुंबई-पुण्याला नोकरीला असलेली मुले घरी येणार, नातवंडांच्या शाळांना सुट्टी. मग दोन दिवस सगळे मिळून कुठेतरी जाऊन येऊ या! कोणी म्हणते धरण पाहू, कोणी म्हणते तळ्याकाठी बसून डबा खाऊ, पोरे एकसुरात ओरडतात, "समुद्र!" बेत ठरतो, गाडी ठरते, दशम्या भाजून होतात आणि निघायच्या आदल्या रात्री घरातले एक माणूस हळूच म्हणते, "तुम्ही जाऊन या. मी आहे गुरांपाशी."

ते माणूस कोण, हे मी सांगायला नको. ते तुमच्याही घरात आहे.

आमच्या घरात ते माझे मामंजी होते. आमचे गाव पुणे जिल्ह्यात, घाटाच्या वर. तिथून अलिबागचा समुद्र चार-पाच तासांच्या वाटेवर. पण मामंजींनी तो कधी पाहिला नाही. दर खेपेला "पुढच्या वर्षी येतो" म्हणायचे आणि दर खेपेला आम्ही त्यांच्यासाठी शिंपले आणि शहाळी घेऊन परत यायचो. मग एका वर्षी त्यांचे पुढचे वर्षच उरले नाही. त्यानंतर ती जागा सासूबाईंनी घेतली. गोठ्याच्या दाराशी उभ्या राहून त्या आम्हांला हात करू लागल्या आणि, खोटे कशाला सांगू, आम्हीही जाऊ लागलो.

तीन वर्षांपूर्वी धाकट्या लेकाने गाडीत बसल्यावर विचारले, "आई, आजीला समुद्र आवडत नाही का गं?" मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात बेत उलट्या टोकाने करायचा असे ठरले. जो मागे राहतो त्याच्यापासून सुरुवात करायची. तसे करताना काय काय शिकलो, ते आज तुमच्यापुढे मांडते.

पहिली गोष्ट : गोठा

सहलीचा बेत स्टँडवर ठरत नाही, गोठ्यात ठरतो. दोन म्हशी आणि एक गाय असलेल्या घराला कुलूप लावून निघता येत नाही. शहरातल्या पाहुण्यांना हे कळत नाही, पण तुम्हांला कळते.

आपल्याकडे सावड नवी नाही. पेरणीला, काढणीला आपण एकमेकांच्या रानात राबतो. तीच सावड गोठ्याची का करू नये? आम्ही शेजारच्या घराशी बोललो. भाऊबीजेनंतरचे तीन दिवस त्यांनी आमची जनावरे पाहायची, संक्रांतीनंतर ते कुलदैवताला जातील तेव्हा आम्ही त्यांची. पैशाचा व्यवहार नाही, उपकाराचे ओझे नाही. मात्र एक काळजी घ्या. परक्या हाताला गाय पान्हा सोडत नाही. म्हणून शेजारीण निघण्याआधी चार दिवस सकाळ-संध्याकाळ सासूबाईंच्या शेजारी बसून धार काढत होती. तीन दिवसांची वैरण तोडून, पेंड मोजून ठेवली आणि जनावरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर गोठ्याच्या दारावर खडूने लिहिला.

एवढे झाल्यावर सासूबाईंकडे नाही म्हणायला कारण उरले नाही. तरी त्या म्हणाल्याच, "माझे गुडघे?" त्याकडे येतेच.

दुसरी गोष्ट : तिथी

अलिबागला जाणाऱ्या प्रत्येकाला कुलाबा किल्ला पाहायचा असतो. किनाऱ्यावर उभे राहिले की तो समोर पाण्यात दिसतो. शिवाजी महाराजांनी १६८० साली त्याचे काम सुरू करवले आणि पुढे संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा याच किल्ल्यातून चालला. ओहोटीला तिथे पायी जाता येते, भरतीला चहूकडून पाणी असते.

पहिल्या खेपेला आम्ही सुट्टी पाहिली, तिथी पाहिली नाही. पौर्णिमेचा दिवस होता. दुपारी बाराला किनाऱ्यावर पोचलो तर समुद्र तुडुंब भरलेला. पोरे दोन तास उन्हात उभी राहून किल्ल्याकडे पाहत होती. शेवटी भेळ खाऊन परत फिरलो. चूक समुद्राची नव्हती.

कोकणातला माणूस हा हिशेब बोटांवर करतो. तो आपणही शिकून घ्यावा. पक्षातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. चतुर्थी घेऊ. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती, सकाळी नऊला आणि रात्री नऊला ओहोटी. यामागचे कारण साधे आहे. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागोमाग चालते.

आता हा हिशेब घरातल्या माणसांशी जुळवून पाहू. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी पहाटे आणि दिवेलागणीला येते. म्हाताऱ्यांना आणि पोरांना दोन्ही वेळा गैरसोयीच्या. अष्टमीला ती भर दुपारी बाराला येते आणि त्या सुमारास भांगाची भरती-ओहोटी असते. म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही, त्यामुळे वाट नीट उघडी पडेलच असे नाही. एकादशीला ओहोटी दुपारी सव्वादोनची, डोक्यावर ऊन. राहता राहिल्या तृतीया, चतुर्थी, पंचमी. ओहोटी अनुक्रमे सव्वाआठ, नऊ आणि पावणेदहाची. ऊन कोवळे, उधाणाचा जोर पुरता सरलेला नसल्याने पाणीही चांगले उतरते. चार पिढ्या घेऊन जाणाऱ्यांनी याच तीन तिथी धराव्यात.

गंमत पाहा, भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. त्यानंतरचे तीन दिवस म्हणजे नेमक्या याच तिथी. लेकी ओवाळून मोकळ्या झाल्या की समुद्र आपली वाटच पाहत असतो म्हणा ना!

हा हिशेब अंदाजाचा आहे. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो. भरती-ओहोटीच्या वेळा आता नातवाच्या मोबाइलवरही दिसतात, त्या ताडून पाहा. आणि आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला नाही तर एखाद्या कोळीदादाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. पाणी रोज त्यांच्या डोळ्यांपुढून जाते.

तिसरी गोष्ट : वाट आणि मुक्काम

ओहोटी सकाळी असेल तर घरून पहाटे निघून पोचता येत नाही आणि पोचलो तरी म्हातारी माणसे थकलेली असतात. म्हणून आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचावे. आम्ही तृतीयेला सकाळी निघालो, दोन रात्री राहिलो आणि पंचमीला परतलो. वरसोली, आक्षी, नागाव या गावांत नारळ-सुपारीच्या वाड्यांतून घरगुती राहण्या-जेवणाची सोय मिळते. ठरवताना दोन गोष्टी विचाराव्यात : खोली तळमजल्यावर आहे का आणि संडास उंच बैठकीचा आहे का. विचारायला संकोच वाटतो, पण गुडघे धरलेल्या माणसाची सहल यावरच अवलंबून असते.

एस. टी.ने जाणाऱ्यांनी आधार कार्ड बरोबर ठेवावे. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना ऑगस्ट २०२२ पासून एस. टी.चा प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व बायकांनाही अर्धे. आमच्या सासूबाई मोफत, मी आणि नणंदा अर्ध्यात, पोरे अर्ध्यात. पूर्ण तिकीट काढले ते घरधन्याने आणि दिरांनी! मुंबईची मुले गेटवेहून बोटीने मांडव्याला उतरून येऊ शकतात. पावसाळ्यात त्या बोटी बंद असतात, दिवाळीत मात्र चालू असतात.

घाटाखाली उतरून पेण, वडखळ आणि मग अलिबागचा रस्ता. या रस्त्याला पोयनाडच्या बाजूला चरी नावाचे गाव लागते. तिथून जाताना पोरांना खिडकीपाशी बसवा आणि आजोबांना बोलू द्या. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी इथल्या कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप पुकारला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी. सहा वर्षे लोकांनी मोलमजुरी करून दिवस काढले, पण खोताच्या रानात नांगर घातला नाही. पुढे १९३९ साली मुंबई प्रांतात कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. आपल्या सातबाऱ्यावर आज आपले नाव आहे, त्यामागे अशा किती चुली थंड राहिल्या, हे पोरांना शाळेच्या पुस्तकापेक्षा आजोबांच्या तोंडून चांगले कळेल.

याच भागात शहापूर, धेरंडकडे खारेपाट लागतो. समुद्राच्या पाण्याला बांध घालून तिथले शेतकरी भात पिकवतात आणि घराजवळच्या तळ्यात जिताडा मासा वाढवतात. आपण शेततळे खणतो ते पिकाच्या पाण्यासाठी. यांचे तळे म्हणजे पाहुण्यांच्या पाहुणचाराची सोय. कोणाची ओळख निघाली तर विचारून जरूर पाहा. आमच्या दिरांना किल्ल्यापेक्षा हे तळे जास्त आवडले.

चौथी गोष्ट : ज्याला जसे झेपेल तसे पाणी

तीन पिढ्या एकत्र निघाल्या म्हणजे सगळ्यांनी सगळे पाहिलेच पाहिजे असे नाही. कनकेश्वराच्या डोंगरावर सातशेहून जास्त पायऱ्या आहेत. तरुणांनी पहाटे चढून यावे, म्हाताऱ्यांना भरीस घालू नये. त्यांच्यासाठी सपाटीवरचे पाणी पुष्कळ आहे.

पोचल्या दिवशी संध्याकाळी आम्ही अलिबाग गावातल्या हिराकोट तळ्याकाठी बसलो. शेजारीच १७२० साली कान्होजींनी बांधलेला हिराकोट आहे. प्रवासाने आंबलेल्या अंगाला तळ्याकाठची ती एक घटका पुरे होते. थोरांना बसायला मिळते, पोरांना पाणी दिसते आणि लाटांची भीती नसते. पहिल्याच संध्याकाळी सगळी फौज समुद्रावर नेण्यापेक्षा हे बरे.

दुसऱ्या दिवशी किल्ला झाल्यावर दुपारी जेवून सर्वांनी चक्क झोपावे. उन्हे कलली की रेवदंड्याच्या रस्त्याने चौलला जावे. तिथे रामेश्वराचे जुने देऊळ आणि समोर पायऱ्यांची पुष्करणी आहे. देवळात पर्जन्यकुंड, अग्निकुंड आणि वायुकुंड अशी तीन कुंडे आहेत. पावसाने फार ओढ दिली की पर्जन्यकुंड उघडून देवाला साकडे घालायचे, अशी जुनी रीत. सासूबाई त्या जागेशी बराच वेळ उभ्या होत्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाईला त्या कुंडाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही.

दिवाळीत जमले नाही तर माघ-फाल्गुनात या. भाताच्या खाचरांतून तेव्हा अलिबागचा पांढरा कांदा निघालेला असतो. २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. चवीला गोडसर. त्याच्या वेण्या विणून, माळा करून रस्त्याकडेला विकतात. तेव्हाही तृतीया ते पंचमीच गाठा. माघी चतुर्थीची ओहोटीही सकाळी नऊचीच.

पाचवी गोष्ट : धाक

हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिले पाहिजे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच जिल्ह्यात मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. शिकलीसवरलेली तरुण मुले होती.

आपल्या गावाकडच्या पोरांना वाटते, आपण विहिरीत सूर मारतो, आपल्याला समुद्राचे काय! विहिरीचे पाणी उभे असते, समुद्राचे चालते. ओहोटीला ते पायाखालची वाळू घेऊन आत ओढते. म्हणून आमच्या घरचा नियम असा : गुडघ्याच्या वर पाणी नाही. दर दोन पोरांमागे एक थोर माणूस, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नाही. दिवस मावळल्यावर पाण्यात पाय नाही. जीवरक्षक नको म्हणाले की वाद नाही. तळ्याच्या आणि पुष्करणीच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, तिथेही पोरांचा हात सोडू नये.

किल्ल्यात गेल्यावर घड्याळ एकाच्या ताब्यात द्या. आम्ही नऊची ओहोटी धरून साडेसातला निघालो आणि दहाला किल्ला सोडला. "अजून जरा थांबू या," असे कोणी तरी म्हणतेच. तेव्हा घड्याळवाल्याने वाईटपणा घ्यावा. निघण्याआधी सर्वांनी लघवीला जाऊन यावे. पाणी, गूळ-शेंगदाणे, थोरांच्या गोळ्या आणि उन्हासाठी छत्री बरोबर असावी. पायात चप्पल घसरणार नाही अशी.

आणि सासूबाईंचे गुडघे

ओहोटीच्या वेळी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत घोडागाड्या चालतात. भाडे आधी ठरवून, परतीच्या वेळेसह, आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवले होते. चतुर्थीच्या सकाळी दिरांनी सासूबाईंना उचलून गाडीत बसवले. शेजारी धाकटा नातू. आम्ही बाकीचे ओल्या वाळूतून मागे चालत होतो. त्यांनी पदर दातांत धरला होता आणि दोन्ही हातांनी गाडीची कड. भीतीने की आनंदाने, ते मला मागून दिसले नाही.

किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेले गणपतीचे देऊळ आहे आणि देवळासमोर पुष्करणी. दर्शन घेऊन त्या काठावर बसल्या. कोणी तरी सांगितले की किल्ल्यातले पाणी गोडे आहे. त्यांना पटेना. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोडे पाणी? नातवाला त्यांनी दोनदा विचारून घेतले. मग पाण्याकडे पाहत म्हणाल्या, "एवढ्या खाऱ्यात राहून गोडं राखलंय बाई यानं." थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या मामंजींना हे दाखवायला हवं होतं."

मी काही बोलले नाही. गोठ्याची सावड आम्हांला दहा वर्षे आधी सुचायला काय हरकत होती, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हाही होता, आजही आहे.

परत आलो तेव्हा म्हशी हंबरत होत्या. दूध एका वेळेला लिटरभर कमी निघाले होते, दोन दिवसांत पूर्ववत झाले. एवढेच काय ते नुकसान.

तेव्हा मंडळी, आज जेवणे झाली की भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढा. सगळ्यांनी भोवती बसा. आधी विचारा, आजवर मागे कोण राहिले? मग त्या माणसाला सोयीची तिथी शोधा, तिच्याभोवती पेन्सिलीने गोल करा आणि उद्या सकाळी शेजाऱ्याकडे सावडीचे बोलायला जा. तिकिटाचे नंतर पाहता येईल.